जागृती आणि जाणीव : आरोग्य-स्वयंसेविकेच्या निमित्ताने

१

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘जाणीव’ हा शब्द आपण गेली पन्नास वर्षे वापरीत आलो आहोत. आपले दुःख दैवाने आलेले नसून माणसांनी लादलेले आहे, आणि म्हणून माणसांनीच ते दूर केले पाहिजे, हे ज्याला उमगले त्याच्या लेखनात ही जाणीव असते, असे आपण मानतो. शासनाच्या दप्तरात याच्या जवळपासचा एक शब्द आहे, ‘जनजागृती’. कानाला हे दोन्ही शब्द सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. परंतु जागृती म्हटली की एक झोपलेला आणि एक जागा असे दोन पक्ष आपोआप उभे राहतात. जाग्याने झोपलेल्याला उठवायचे असते. जाणीव मात्र कोणी कोणाला देत नाही. ती भोगलेल्याच्या आत तयार होते आणि मग तो बोलू लागतो.

हा भेद केवळ शब्दच्छलाचा नाही. खेड्यापाड्यांतून मातांच्या आरोग्यासाठी राबणाऱ्या स्वयंसेविकेकडे पाहताना तो जिवंत होऊन समोर येतो. ती जागृतीची नोकर आहे की जाणिवेची वाहक, या प्रश्नाच्या उत्तरावर तिची मजुरी, तिचा मान आणि तिच्यावर विसंबलेल्या बाईचा जीवही अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात बोदलकसा हे गाव आहे. जुन्या तलावामुळे आणि नागझिऱ्याच्या जंगलाच्या शेजारामुळे सहलीला येणाऱ्यांना ते ठाऊक आहे. पावसाळ्यात तिकडे जाणे झाले तेव्हा वाटेवरच्या एका गावात भिंतीवर रंगवलेले चित्र पाहिले. हिरव्या लुगड्यातील, हातभर बांगड्या ल्यालेली, गोऱ्या वर्णाची एक गर्भवती स्त्री. चेहऱ्यावर हसू. बाजूला सूचनांची यादी : नाव नोंदवा, तपासणी करा, गोळ्या घ्या, पौष्टिक आहार घ्या, विश्रांती घ्या, दवाखान्यातच बाळंत व्हा. त्या भिंतीच्या समोरच्या बांधीत चिखलात कमरेतून वाकून बाया रोवणी करीत होत्या. त्यांतील एकीचे दिवस भरत आल्याचे रस्त्यावरूनही दिसत होते.

२

असल्या मजकुराला शासन ‘प्रचार-साहित्य’ म्हणते. त्याने स्वतःला साहित्य म्हणवून घेतले आहे, तेव्हा साहित्याला लावतो त्याच कसोट्या त्याला लावून पाहण्यास हरकत नसावी.

या साहित्याची पहिली खूण म्हणजे त्यातील क्रियापदे. ती सारी आज्ञार्थी आहेत. बोलणारा कोण हे कोठेही सांगितलेले नसते, आणि ऐकणारीला उत्तर द्यायला जागा ठेवलेली नसते. दुसरी खूण अशी की या साहित्यातील स्त्रीला जात नाही, वर्ग नाही, घर नाही, सासू नाही, मजुरी नाही, मोसम नाही. ती कोठल्याही गावात राहत नाही. त्यामुळे विश्रांती घेणे हे तिच्या केवळ इच्छेवर अवलंबून असल्यासारखे वाटते. तिसरी आणि सर्वांत गंभीर खूण म्हणजे दोषाची वाटणी. सूचना सांगून झाली की सांगणाऱ्याचे काम संपते. पुढे जे बिघडेल ते न ऐकणारीच्या अज्ञानाच्या खात्यावर पडते.

याच पट्ट्यातील एका आशाताईशी बोलणे झाले. तिचे आणि तिच्या गावाचे नाव मुद्दाम देत नाही. मी सहज विचारले, “ताई, बायांना पटवताना फार त्रास होत असेल?” ती म्हणाली, “सर, बाईला सप्पा मालूम असते. गोळी खाल्ली पायजे हे मालूम, वजन उचलू नये हे मालूम. पन रोवन्याच्या दिसात तिला घरी बसवून खाऊ कोन घालन?”

हे एक वाक्य त्या भिंतीवरच्या सगळ्या मजकुराची समीक्षा आहे. धानाच्या या मुलखात रोवणीचे दिवस म्हणजे वर्षातल्या मजुरीचे मोठे दिवस. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपाने वेचण्याचे दिवसही तसेच. पोटातल्या बाळाला हे मोसम कळत नाहीत. गोंड, ढिवर, बौद्ध अशा भूमिहीन वा अल्पभूधारक घरांतील बाई चार दिवस घरी बसली की त्या चार दिवसांची मजुरी बुडते, आणि ती बुडाली की तिच्याच ताटातले आधी कमी होते. ‘पौष्टिक आहार घ्या’ आणि ‘विश्रांती घ्या’ या दोन सूचना तिच्या घरात एकमेकींशी भांडतात. एक पाळायची तर दुसरी मोडावी लागते. हे भांडण भिंतीला माहीत नाही, आशाताईला माहीत आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. माहिती सांगणे निरर्थक आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पूर्व विदर्भात आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी आणि गर्भारपणी कोणी तरी समजावून सांगितलेच पाहिजे. पण ‘कळले तर पोरीचे लग्न मोडेल’ या धास्तीने जेथे तपासणी टाळली जाते, तेथे पत्रक काय करणार? रात्री चुलीजवळ बसून, आपल्याच नात्यातल्या कोणाचा दाखला देऊन, जी बाई सासूशी बोलते तिचेच बोलणे तेथे आत शिरते. तिचे सांगणे आज्ञार्थी नसते. ते गोष्टीसारखे असते.

३

आता आपल्या स्वतःच्या साहित्याकडे वळू. प्रस्थापितांच्या साहित्यात आपली आई नव्हती, ती आपण आणली, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेच आहे. पण दलित पुरुषांच्या बहुतेक आत्मकथनांत ही आई मोळी विकते, शेण उचलते, उपाशी राहून लेकरांना जेववते, बाळंत मात्र फारशी होत नाही. तिच्या त्यागाला शब्द मिळाले आणि तिच्या शरीराला मिळाले नाहीत. वंदन करताना आपण तिच्या पायांकडे पाहिले, पोटाकडे पाहिले नाही.

ही उणीव स्त्रियांनी भरून काढली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील बाळंतपणाचे जे वर्णन त्यात आहे, त्याला मराठीत तोड नाही. कोवळ्या वयात लग्न झालेल्या पोरी, पहिल्याच खेपेला दिवसच्या दिवस चालणाऱ्या कळा, रक्त टिपायला धड चिंधी नाही, आणि बाळंत झालेल्या बाईच्या पोटात आग पडलेली असताना घरात दाणा नाही. या वर्णनात रडगाणे नाही. एका समाजाचा हिशेब मांडल्यासारखी ती पाने आहेत.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती बेबीताईंची सुईणीकडे पाहण्याची दृष्टी. त्या तिला देवी करीत नाहीत. अडलेल्या पोरीच्या अंगात पुन्हा पुन्हा हात घालून पाहणाऱ्या, त्याने जखमा होतात हे न जाणणाऱ्या बाया त्यांनी जशाच्या तशा दाखवल्या आहेत. पण त्या अज्ञानाला त्या हसतही नाहीत. ज्या समाजाला शतकानुशतके माणूसपणच नाकारले, त्याला शरीराचे ज्ञान तरी कोठून मिळणार, हा प्रश्न त्या पानांमागे सतत उभा आहे. अज्ञान हे गुलामीचे फळ आहे, गुलामाचा स्वभाव नाही. जागृतीच्या साहित्यात आणि जाणिवेच्या साहित्यात नेमका हाच फरक आहे. तपशील दोन्हींकडे तोच असेल, पण दोष कोणाच्या पदरात टाकायचा ते वेगळे.

माझी आजी सुईण होती, म्हणून हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. मालगुजाराच्या वाड्यात तिला मागच्या दाराने बोलावीत. नाळ कापेपर्यंत, पहिली आंघोळ घालेपर्यंत ते मूल तिच्या हातात असे. त्यानंतर घर शुद्ध करून घेतले जाई आणि त्याच मुलाला शिवण्याचा तिला अधिकार राहत नसे. पायलीभर तांदूळ आणि एखादे जुने लुगडे, ही तिची कमाई. ती किती, हे तिने कधी ठरवले नाही, आणि ‘येत नाही’ असे म्हणण्याची तर सोयच नव्हती. बाळंतपणाची घाण काढणे हे काम हलके, म्हणून ते हलक्या ठरवलेल्या जातीच्या बाईचे. तिच्या बोटांत जे कौशल्य होते त्याला विद्या म्हणावे, असे तिच्या हयातीत कोणालाही वाटले नाही. तिलाही वाटले नाही.

४

या पार्श्वभूमीवर ‘स्वयंसेविका’ हा शब्द तपासून पाहिला पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी देशात एक योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस निवडायचा, त्याला तीन महिने शिक्षण द्यायचे, औषधांची पेटी द्यायची आणि महिन्याला ५० रुपये द्यायचे. आरंभी त्याला आरोग्य-कामगार म्हटले गेले. १९८० च्या सुमारास नाव बदलून तो स्वयंसेवक झाला आणि पुढे लगेच आरोग्य-मार्गदर्शक. कामगार म्हटले की मजुरी आली, मार्गदर्शक म्हटले की मान आला. नाव चढत गेले आणि पैसे ५० च राहिले. शिवाय निवडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेशच नाही, त्याच्याकडे मातेचे आरोग्य सोपवल्यावर काय व्हायचे ते झाले.

त्याच महाराष्ट्रात दुसरेही प्रयोग चालले होते. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या निरक्षर बायांना, त्यांत दलित बायाही होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांच्या हातून सवर्ण घरांतील बाळंतपणेही झाली. या मुलखाच्या शेजारी, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम उभे केले. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकशास्त्राला धक्का बसला. बायांना बसला नाही, त्या ते अंगावर वागवीतच होत्या. कोणी विचारले नव्हते एवढेच. पुढे त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘कानोसा’ आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. आधी कान देणे, मग बोलणे. गडचिरोलीतच गावातल्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ साली हे जगासमोर मांडले गेले. थोडे शिकलेली खेड्यातली बाई बाळाचा जीव वाचवू शकते, हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आली. तिने गर्भवतीची नोंद करायची, तपासण्या घडवून आणायच्या, दवाखान्यात सोबत जायचे. बाळंतपण दवाखान्यात झाले तर पुढच्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहायची. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या सहा भेटी पूर्ण केल्या तर २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही नाहीत. आणि हे वेतन नव्हे, हा ‘मोबदला’. त्यावर शासन देते ते ‘मानधन’. ती स्वयंसेविका, म्हणून ती कर्मचारी नाही. कर्मचाऱ्याचे हक्क तिला आपसूक लागू होत नाहीत. गर्भवतीला विश्रांतीचे महत्त्व सांगत उन्हातान्हात हिंडणारी ही बाई स्वतः गर्भवती असली, तर तिच्या विश्रांतीचे काय, हे भिंतीवर कोठेही रंगवलेले नाही.

आता आजीची पायली आठवा. काम ज्याच्यावाचून गावाचे चालत नाही असे, दर ठरवणारा दुसराच, आणि नाव सेवेचे. याला आपल्या भाषेत बलुतं म्हणतात. ‘मान’ आणि ‘धन’ एका शब्दात बांधले की दोन्ही थोडे थोडे देऊन भागते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला, तेव्हा वर्तमानपत्रांतून कौतुक झाले. त्याच आशांना महाराष्ट्रात २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मान्य केली ती या लढ्यामुळे. मान आपण होऊन मिळाला, धन भांडून घ्यावे लागले.

येथे एक आक्षेप संभवतो. चळवळीतही स्वयंसेवक असतातच ना? समता सैनिक दलाला कोणी पगार देत होते काय? आक्षेप रास्त आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्यांच्या पोटातल्या मुलाला समाज मारू पाहत होता त्यांची बाळंतपणे त्यांनी आपल्या घरची समजून केली, आणि त्यांतलाच एक मुलगा दत्तक घेतला. ही खरी स्वयंसेवा. पण त्यांना ते काम नाकारता आले असते. नाकारण्याची मोकळीक असताना जे पत्करले जाते ती सेवा, आणि जिला दुसरा रोजगार नाही तिच्याकडून सेवेच्या नावाखाली करवून घेतली जाते ती वेठ. शासनाने सावित्रीबाईंचे नाव घ्यावे आणि रीत मालगुजाराची चालवावी, हे आपण चालू देता कामा नये.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाच्या कायद्याचा लाभ दिला. त्यांना दिले जाते ते केवळ मानधन आहे, वेतन नाही, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. आशांच्या बाबतीत तो उजाडायचा आहे. एका शब्दाच्या समीक्षेने कायदा कसा हलतो, याचे हे उदाहरण समीक्षकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

५

मातेच्या आरोग्याचा विचार आपल्या चळवळीला बाहेरून शिकावा लागलेला नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. विश्रांती हा सल्ला नाही, तो हक्क आहे आणि त्याला पैसे लागतात, हे त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडले. आपल्या भिंतीवर ते अजून आलेले नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि त्या आपल्या भाषणात संततिनियमनावर बोलल्या. त्या काळात भल्याभल्या सुधारकांची जीभ या विषयावर अडखळत होती. बाबासाहेबांनीही तेथे लग्नाची घाई न करण्याचा आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याचा उपदेश केला. पण ती परिषद उपदेशावर थांबली नाही. गिरण्या, विडी कारखाने अशा ठिकाणी राबणाऱ्या बायांना रजा, भरपाई, निवृत्तिवेतन मिळावे, असे ठराव तिने केले. गोंदिया-तिरोड्याच्या मुलखात पानपत्ती आणि विडीवर किती घरांची चूल पेटत आली, हे सांगायला नको. एका हाताने शिकवण आणि दुसऱ्या हाताने मागणी. यालाच मी जाणीव म्हणतो. यातली मागणी काढून घेतली की उरते ती जागृती.

मागणी काढून घेतल्यावर काय होते ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांत दिसते. महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. मातामृत्यूही घटले. २०१८-२० मध्ये राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ते ३३ होते, देशात ९७. यात आशांच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे. पण त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षय २०१५-१६ मधील ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, तिच्या अंगात रक्त मात्र पोचले नाही. सांगून जे होण्यासारखे होते ते स्वयंसेविकेने करून दाखवले. जे सांगून होत नाही, ज्याला मजुरी, जमीन, धान्य आणि घरातल्या ताटाची न्याय्य वाटणी लागते, ते तिच्या गळ्यात बांधता येणार नाही.

६

मग साहित्याच्या माणसांनी काय करावे? मला एक साधी गोष्ट सुचते. आशाताईच्या पिशवीत नोंदवह्या असतात. त्यांत नाव, वय, वजन, तारीख एवढेच लिहायला रकाने आहेत. पण जी गोष्ट रकान्यात बसत नाही ती तिच्या मनात साठत जाते. कोणत्या घरात तिला माजघरापर्यंत जाता येते आणि कोणत्या घरात बाळाचे वजन छपरीतच करावे लागते. कोणती बाई गोळ्या घेऊन मडक्यामागे ठेवते, आणि का. पाऊस लागून नाला भरला त्या रात्री कोण मदतीला आले आणि कोणाचे दार उघडले नाही. अर्धेअधिक गाव तिच्या हातावर जन्मले, पण ते गाव आपल्याला काय समजते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

आपल्या आज्यांना अक्षर नव्हते. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली आणि त्यांचा संतापही गेला. आशाताईला अक्षर आहे. आपल्या महाविद्यालयांतून, ग्रंथालयांतून, या नियतकालिकाच्या पानांतून तिला लिहिते करणे हे आपले काम आहे. ती लिहील तेव्हा तिच्या लेखनात कलेचे गुण किती, हे आपण अवश्य पाहू. पण त्याआधी तिचे म्हणणे ऐकून घेऊ. त्या दिवशी निघताना तिने मला विचारले, “सर, तुमी हे लिहून कोनाला देनार?” मी म्हणालो, आपल्याच लोकांना. ती थोडी थांबून म्हणाली, “मंग त्यायच्या घरच्या बायांनाही इचारा म्हना.”

तिचा निरोप पोचवला आहे.